नॉर्मलची नळी

दोन्ही रेघा एकाच पातळीवर आल्या होत्या. तिने चष्मा काढून ॲप्रनच्या टोकाने पुसला, पुन्हा लावला आणि जांभळ्या उजेडाच्या पेटीत परत डोकावून पाहिलं. चष्म्यात दोष असता तर बरं झालं असतं, पण तो बिचारा गेल्याच महिन्यात बदललेला. तळहाताएवढ्या जेलच्या पारदर्शक वडीवर तिसऱ्या घरात आरोपीची रेघ उमटली होती आणि चौथ्या घरात, तिच्या खांद्याला खांदा लावून, नॉर्मलची. नॉर्मल म्हणजे ती स्वतः. प्रयोगशाळेची रीतच होती ती. कुठलीही चाचणी लावायची तर शेजारी एका निरोगी माणसाचं रक्त लावून बघायचं, म्हणजे यंत्र चुकतंय की माणूस, ते कळतं. आता निरोगी माणूस शोधत गावभर कोण हिंडणार? बावीस वर्षांपूर्वी, नोकरीच्या दुसऱ्याच दिवशी, तिने आपली बाही वर केली होती. तेव्हापासून फ्रीजच्या वरच्या कप्प्यात ‘नॉर्मल’ अशी चिठ्ठी लावलेली तिची नळी कायम असे. साखर असो, कावीळ असो, रक्तगट असो, इतरांची उत्तरं तपासायची ती तिच्या रक्तावरून. सगळे तिला नॉर्मलबाई म्हणत. नव्याने कामाला लागलेल्यांना काही दिवस ते तिचं आडनावच वाटे, आणि तीही त्यांचा गैरसमज लवकर दूर करत नसे.

आरोपी एका गोदामावरचा पहारेकरी होता, वय एक्कावन्न. मुकादम चारचौघांत काहीतरी लागट बोलला म्हणून याने दाराचा लोखंडी अडसर काढून त्याच्या डोक्यात घातला होता. मुकादम जागच्या जागी गेला. पहारेकऱ्याने अडसर पुन्हा दाराला लावला आणि पोलीस येईपर्यंत आपल्या स्टुलावर बसून राहिला. त्याच्या वकिलाचं म्हणणं असं, की माणूस वाईट नाही, त्याच्या रक्तातच एक खोट आहे. मेंदूत रागालोभाची जी रसायनं उसळतात ती वापरून झाली की झाडून काढायला एक झाडूवाला असतो. तो कसा घडवायचा याची सूचना पेशीपेशीत लिहिलेली असते. ही सूचना काहींच्यात लांब असते, काहींच्यात आखूड. आखूड असली तर झाडूवाला आळशी निघतो आणि रागाचा कचरा साचून राहतो. त्यात लहानपणी मार खाल्लेला असला तर मग विचारायलाच नको, असं पुस्तकं म्हणत होती. जेलच्या वडीत वीज सोडली की हे ओळखायला सोपं. आखूड रूप पुढे पळतं, लांब रूप मागे रेंगाळतं. पुरुषाकडे ही सूचना एकच असते, आईकडून आलेली. बाईकडे दोन, एक आईची, एक बापाची. तिच्या घरात दोन रेघा येतील, नाहीतर मागे रेंगाळणारी एक तरी, अशी तिची समजूत होती. आली ती एकच, पुढची. म्हणजे दोन्ही आखूड. आरोपीकडे जे होतं ते तिच्याकडे दुप्पट होतं. यात घाबरण्यासारखं काही नाही हे तिच्याइतकं कुणाला माहीत असणार? तिनातल्या एका पुरुषात हे रूप सापडतं, आणि ते सगळे बसमध्ये शेजारी बसून पेपर वाचत असतात. पण माहिती डोक्यात असते. तिने पेटीत तिसऱ्यांदा वाकून पाहिलं, रेघ तिथेच होती.

“काय हो, नॉर्मलचा चेहरा आज ॲबनॉर्मल का?” साहेबांनी दारातूनच विचारलं. साहेब म्हणजे प्रयोगशाळेचे प्रमुख. निवृत्तीला दोन वर्षं राहिली होती आणि विनोद सगळे जुने झाले होते.

“सर, शेजारी लावलेला कंट्रोलही आखूडच आलाय.”

“कंट्रोल कुणाचा?”

“माझाच. नेहमीसारखा.”

साहेबांनी पेटीत वाकून पाहिलं आणि ते मोकळेपणी हसले. “अरे वा. म्हणजे इतकी वर्षं आम्ही वाघिणीशेजारी बसून डबा खात होतो.”

“हे पुष्कळांच्यात असतं, सर. बायकांतही कमी नाही.”

“मला माहीत आहे, तुम्हाला माहीत आहे. पण कोर्टात समोरचा वकील विचारेल, बाई, तुमच्यातही हेच आहे, तर आजवर तुम्ही किती जणांच्या डोक्यात अडसर घातला? तेव्हा काय सांगाल?”

तिने पेटीचा दिवा बंद केला. आपला विनोद लागू पडला असं समजून साहेब पुढे म्हणाले, “आणि तसंही लांब रूपाची एक रेघ शेजारी पाहिजेच. दोन्ही सारख्या, तर तुलना कशाशी करायची? पुरुष बघा. पन्नाशीचा, गरीब गाय. माझं रक्त चालत नाही, अहवालावर सही माझी आहे. तुमचे लिफ्टवाले बंधू कधी येणार?”

“मंगळवारी.”

“मग झालं तर. त्यांच्याइतका शांत माणूस मी जन्मात पाहिला नाही.”

“आम्ही एकाच आईची मुलं, सर.”

“आईच्या दोनातली दुसरी आली असेल त्यांच्याकडे. नसली तर आणखी कुणी बघू.”

तिने मान डोलावली, कारण बावीस वर्षं साहेबांपुढे मान डोलावण्याची सवय होती. मग ती फॉर्मची फाइल काढून बसली. शेजारी लावायच्या रक्ताचा एक फॉर्म असतो. रक्त देणाऱ्याला प्रश्न मोठ्याने वाचून दाखवायचे, तो जे सांगेल ते त्याच्याच शब्दांत लिहायचं, खाली त्याची सही, आणि मगच नळीला चिठ्ठी लावायची, असा नियम. स्वतःच स्वतःला मोठ्याने प्रश्न विचारत बसणं वेडेपणाचं, म्हणून तिचा फॉर्म ती दर वर्षी एका मिनिटात भरून टाकी. फाइलमध्ये तिचे बावीस फॉर्म एकाखाली एक लागलेले होते. सातवा प्रश्न, आजवर आपल्या हातून कुणाला गंभीर शारीरिक इजा झाली आहे काय? बावीस वेळा, तिच्याच अक्षरात, नाही. पहिल्या वर्षीचं ‘नाही’ थोडं गिचमिड होतं. पुढची वळणदार होत गेली होती.

त्या दुपारी तिने नियमात न बसणारी आणखी एक गोष्ट केली. आरोपीच्या कागदांना मानसतज्ज्ञाचा अहवाल टाचलेला होता, तो वाचला. रक्त तपासणाऱ्याने माणसाची कहाणी वाचायची नसते, हात बिघडतो. अहवाल नीटनेटका होता. बालपणी वडिलांकडून कंबरेच्या पट्ट्याने मारहाण. दहाव्या वर्षापासून शिस्तीच्या वसतिगृहात. बोलणं कमी, मैत्री नाही. त्या क्षणाबद्दल विचारलं असता सांगतो, हात कधी उठला ते मला कळलंच नाही. पट्टा, वसतिगृह, कमी बोलणं. हे सगळं तिने आधी कुठेतरी पाहिलं होतं, पण ते पहारेकऱ्याच्या घरात नव्हे. त्या तज्ज्ञाने तिला समोर बसवलं असतं तर त्याचा कागद कोराच राहिला असता. तिला कुणी कधी बोटही लावलं नव्हतं. ती शेंडेफळ. वडील पोस्टात कारकून, पायाखाली मुंगी आली तर थांबून तिला वाट करून देणारे. आई कडक, पण तिचा कडकपणा मुलाच्या वाट्याला जाई. मुलीला पेटीत नवे रंग असत, केसांना रोज तेल असे, रात्री झोपताना पाठीवर हात असे. शोधायला गेलं तर तिच्या बालपणात काहीही सापडलं नसतं. आणि हात कधी उठला हे तिला नीट कळलं होतं.

तेव्हा दुपारचे चार वाजले असतील. सरकारी क्वार्टर्सची तीन मजली इमारत, वर गच्ची. समोर आवाराची भिंत आणि भिंतीवर रंगाचा गंजका रिकामा डबा. दादा बारा वर्षांचा, ती आठ वर्षांची. दोघं गच्चीवरून डब्याला दगड मारत होती. दादाचे दगड डब्याच्या आसपास पडत. तिचे भिंतीपर्यंत पोचतही नसत. खाली भिंतीपाशी शिंपीणबाईंची मुलगी उभी होती, तिच्याच वर्गातली. ती वर बघून मोजत होती. एक पडला. दोन पडले. तीन पडले. मोजण्यात वाईट काही नव्हतं. कुणाचंही न पोचणं असं मोजता येतंच. पण प्रत्येक आकड्यानंतर ती थोडी थांबत होती आणि त्या थांबण्यात हसू होतं. सहाव्या दगडानंतर तिने, म्हणजे आजच्या नॉर्मलबाईने, हातातला खडा खाली टाकला. गच्चीच्या कोपऱ्यात दुरुस्तीचा ढीग होता, त्यातून एक दगड उचलला, तो हलका वाटला म्हणून ठेवला आणि दुसरा उचलला. त्याची एक बाजू सपाट होती. ती उन्हाने तापलेली होती आणि मुठीत बरोबर बसली. हे तिला आजही तळहातात आठवत असे, भांडी घासताना, बसचा दांडा धरताना, कधीही. तिने डब्याकडे बघितलं नाही. दादाने त्याच वेळी आपला दगड फेकला. दोन दगड निघाले आणि खाली एकच किंकाळी आली. दादाचा डब्याच्या डावीकडे भिंतीला लागला आणि गिलाव्याचा एक तुकडा उडाला. आपला कुठे लागला हे बघायला तिला खाली वाकावं लागलं नाही. तिने तो लागेपर्यंत पाहिला होता.

मुलीचा डावा डोळा गेला. जिन्यात सगळी जमली तेव्हा आईने विचारलं, कुणाचा दगड? आणि दादा ताबडतोब म्हणाला, माझा लागला. कुणी तिच्याकडे वळूनही पाहिलं नाही, कारण तिचे दगड पोचतच नव्हते. खुद्द त्या मुलीनेच तसं मोजून ठेवलं होतं. त्या संध्याकाळी मुंगीला वाट देणाऱ्या वडिलांनी कंबरेचा पट्टा काढला. ती दाराआड उभी राहून मोजत होती. चौदा. वडिलांचा धाकटा भाऊ तेव्हा तुरुंगात होता, भागीदाराच्या पोटात सुरी खुपसून गेलेला. त्याचं नाव घरात घेत नसत. त्या संध्याकाळी घेतलं. काकाच्या वळणावर गेला, असं वडील म्हणाले. खाण तशी माती, असं आई म्हणाली, आणि पुढे म्हणतच राहिली. पाळण्यात असतानाच कसा मुठी आवळायचा, हेही तिला आता आठवू लागलं. महिन्याभरात दादाला चार वर्षांसाठी शिस्तीच्या वसतिगृहात धाडलं. परत आला तो असाच, कमी बोलणारा. पुढे लिफ्टच्या कामाला लागला, एकटा राहिला. दाराच्या फटीत स्वतःचा हात घालून दहादहा वेळा दार मिटवून बघायचा आणि ते उघडलं की मगच लोकांना आत सोडायचा.

यातलं एक अक्षरही बहीणभावांमध्ये आजवर निघालं नव्हतं. एकोणचाळीस वर्षं. तिने त्या गप्प राहण्याचा अर्थ पक्का लावून ठेवला होता: दादाला माहीत आहे, त्याने आपल्यासाठी अंगावर घेतलं, आणि मोठेपणा असा की तो कधी बोलून दाखवत नाही. हा अर्थ तिला सोयीचा होता. उपकार डोक्यावर असले की माणूस निदान उपकारांचा विचार करत बसतो, दगडाचा नाही. तिने लग्न केलं, नोकरी केली, मुलगा झाला. मुलगा बारा दिवसांचा असताना दादा भेटायला आला तेव्हा तिने बाळ त्याच्यापुढे धरलं, तर त्याने दोन्ही हात पाठीमागे नेले. नको बारके, माझ्या हाताचा भरवसा नाही, असं म्हणाला. ब्रह्मचाऱ्याचा धांदरटपणा म्हणून सगळी हसली. ती सर्वांत मोठ्याने हसली.

घरी आली तेव्हा मुलगा टेबलाशी काकडी चिरत होता. सतरा वर्षांचा, आता तिच्यापेक्षा वीतभर उंच. ती पर्स न ठेवताच उभी राहून सुरीकडे बघत राहिली. आईकडे दोन्ही आखूड, तर याला लांब मिळणार कुठून? आडात नाही तर पोहऱ्यात कुठून येणार? यासाठी जेल लावायचीही गरज नव्हती.

“हळू,” ती म्हणाली.

“मला सांगतेस की काकडीला?”

“सुरी ठेव खाली. मी चिरते.”

“आई, मी रोज चिरतो.” त्याने मान वर करून पाहिलं. “काय झालंय? तू माझ्या हाताकडे काय बघतेस?”

“काही नाही. नखं वाढलीयेत.”

त्याने नखं पाहिली, ती वाढलेली नव्हती. पण आईशी वाद घालण्यात अर्थ नाही हे त्याला फार लवकर कळलं होतं. काकडीची एक चकती तिच्या तोंडात कोंबून तो आपल्या खोलीत गेला. दार त्याने नेहमीसारखंच लावलं. ती मात्र त्या आवाजाचं वजन करत बसली. आता हे असंच चालणार का, तिला वाटलं. दार आपटलं की बघायचं, हसला की बघायचं. आईने दादाला बघितलं तसं. बघणाऱ्याला जे शोधायचं असतं ते सापडतंच, त्याला प्रयोगशाळा लागत नाही. आणि मग चकती चावता चावता तिला आणखी एक गोष्ट सुचली, जी खरं तर सकाळीच सुचायला हवी होती. ही सूचना बापाकडून मुलाला जातच नाही. बापाकडून ती जाते फक्त मुलीला. काका आणि वडील एका आईचे. वडिलांची आखूडच होती, नाहीतर तिच्याकडे दोन आल्या नसत्या. काकाचं जे काही रक्त होतं त्यातलं एवढं तरी दादाकडे यायला वाटच नव्हती. सगळ्या घराने मिळून काकाला ओळखून काढलं होतं, फक्त मूल चुकलं होतं. तिला हसू आलं. तिची तिलाच या हसण्याची लाज वाटली, कारण यात सिद्ध काहीच होत नव्हतं. रस्त्यात बापाकडून आखूड आलेल्या हजारो मुली होत्या आणि त्यांनी हलका दगड ठेवून जड दगड उचलला नव्हता. झाडूवाला आळशी असेल. पण ढिगातून निवड झाडूवाला करत नाही.

मंगळवारी दादा दहाच्या ठोक्याला आला. तिने काचेतून पाहिलं. त्याने पॅसेजमध्ये हत्यारांची पिशवी ठेवली, लिफ्टचं दार मिटू दिलं, त्यात कोपरापर्यंत हात घातला, दार हाताला टेकून मागे सरलं. पुन्हा. पुन्हा. एक बाई वर जायची खोळंबली होती, तिला तो दरवेळी मानेनेच ‘थांबा’ म्हणत होता. काम झाल्यावर तो रक्त घ्यायच्या खोलीत आला आणि नेहमीच्या स्टुलावर टेकला. चहाचा पेला त्याने दोन्ही हातांनी धरला, कायमच धरायचा तसा.

“रक्त?” तो म्हणाला. “माझं? कशाला?”

“कोर्टाचं काम आहे. आरोपीच्या शेजारी लावायला. नॉर्मल म्हणून.”

“म्हणजे चांगला माणूस म्हणून?”

“तसंच.”

तो किंचित हसला. “बारके, गावात माणसं संपली काय? सगळं सोडून माझं रक्त?”

“का? काय झालं तुझ्या रक्ताला?”

“माहीत नसल्यासारखं काय विचारतेस?”

तिला वाटलं, कमाल आहे या माणसाची. खोलीत कुणी नाही, दार लोटलेलं आहे, आणि तरी हा आपली भूमिका सोडत नाही. एवढी निष्ठा. इतक्यात साहेबांनी दार ढकलून डोकं आत घातलं आणि म्हणाले, या या, आमच्या सबंध इमारतीत तुम्हीच एक थंड डोक्याचे, म्हणून तुम्हाला त्रास. दादा लाजला. साहेब गेल्यावर त्याने मुकाट्याने बाही वर केली. तिने दंडाला पट्टी बांधली, शीर चाचपली, सुई घातली. रक्त नळीत आलं, गडद, इतरांसारखंच. कापूस दाबून त्याने हात दुमडला. नळी कोमट होती. तिने ती कोरीच उभी करून ठेवली, फॉर्म पुढे ओढला आणि नियमाप्रमाणे मोठ्याने वाचू लागली.

“मोठा आजार?”

“नाही.”

“दारू?”

“नाही.”

“झोप?”

“लागते. कुणी लिफ्टमध्ये अडकलं नाही तर.”

पाचवा झाला, सहावा झाला. सातवा तिने वाचला, आवाज न बदलता. आजवर आपल्या हातून कुणाला गंभीर शारीरिक इजा झाली आहे काय?

दादाने चहाचा पेला खाली ठेवला.

“लिही, होय.”

तिचं पेन कागदावर टेकलेलं होतं.

“वय बारा. दगडाने. एका मुलीचा डोळा गेला. एकदाच. त्यानंतर जपून राहिलोय, हे लिहायला जागा असली तर लिही.”

“दादा.”

“अगं, लपवायचं काय त्यात? उद्या कोर्टात काही निघालं तर तुझ्यावर यायचं.” तो कापसाकडे बघत बोलत होता. एवढं सलग तो वर्षातून एखाद्या वेळी बोलत असेल. “लग्नाचं तुम्ही सगळे मागे लागला होतात ना? मी मनात म्हणायचो, मूल झालं आणि ते असंच निघालं तर? कुणाकुणाचे डोळे भरून देऊ? काकाचं माझ्यात आलं, ते माझ्यात थांबू दे. आई काही खोटं बोलत नव्हती. मी तर नेमही धरला नव्हता गं, नुसता डब्याला मारला होता. नेम न धरता हात असं करतो, तर धरल्यावर काय करेल? म्हणून मी हाताला कामातच ठेवलं.”

तो खोटं बोलत नव्हता. हे तिला त्याच्या आवाजावरून नव्हे, तर त्याने कापूस ज्या काळजीने दाबला होता त्यावरून कळलं. स्वतःच्याच हाताला तो दुसऱ्याच्या हातासारखा सांभाळत होता. त्याने काहीही अंगावर घेतलं नव्हतं. जिन्यात आईने विचारलं तेव्हा त्याने बारा वर्षांच्या पोराच्या अकलेने हिशेब केला होता: दगड दोन, त्यातला एक पोचतच नाही, म्हणजे माझा. उपकार नव्हते, मोठेपणा नव्हता, दोघांचं मिळून असलेलं गुपित नव्हतं. गुपित एकटीचं होतं. एका वाक्याचं काम होतं आणि ते वाक्य तिने एकोणचाळीस वर्षं त्याच्याजवळ आहे असं धरून ठेवून दिलं होतं. शिंपीणबाईंची मुलगी मध्यंतरी एकदा चष्म्याच्या दुकानात दिसली होती, काचेचा डोळा अगदी खऱ्यासारखा, सोबत दोन मुली, कशावरून तरी हसत होती. त्या एका दगडाने कुणाचं काय गेलं याची मोजदाद करायची तर त्या मुलीचा एक डोळा गेला होता आणि दादाचं बाकी सगळं. तिला भीती वाटली. खरं म्हणजे अजूनही काही बिघडलं नव्हतं. ‘होय’ लिहिलं असतं, त्याने सही केली असती, साहेबांना सांगून दुसरा कुणी शोधला असता. दादा पिशवी घेऊन पुढच्या इमारतीत गेला असता. तिची नळी तिच्या जागी राहिली असती. जगात काही वाढलं नसतं, काही कमी झालं नसतं. तिने पेन उचललं आणि सातव्यापुढे लिहिलं, नाही.

दादाला उलटी अक्षरंही वाचता येत. “खोटं लिहू नकोस,” तो म्हणाला.

“खोटं नाही.”

“मी सांगतोय ना तुला.”

“तुझा दगड भिंतीला लागला, दादा. डब्याच्या डावीकडे. गिलावा उडाला तिथला. मी बघितलं.”

तो तिच्याकडे बघत राहिला. “मग तिला कुणाचा लागला?”

“माझा.”

“तुझे पोचत नव्हते.”

“मी दुसरा घेतला होता. ढिगातला, जड.”

“चुकून गेला असेल,” तो पटकन म्हणाला. या घटकेलाही तो तिच्यासाठी दार उघडं धरत होता. तिला रडू आलं नाही. आलं असतं तर सोपं झालं असतं.

“नाही. मी तिच्याकडे बघून मारला.”

पॅसेजमध्ये कुणीतरी लिफ्टचं बटण दाबलं, दार उघडलं, मिटलं, आणि लिफ्ट आवाज न करता वर गेली. दादाने कान देऊन ती ऐकली, सवयीने.

“मला वाटायचं तुला माहीत आहे,” ती म्हणाली. “मला वाटायचं तू मुद्दाम घेतलंस स्वतःवर.”

“मी कशाला मुद्दाम घेऊ?” त्याच्या आवाजात राग नव्हता, नुसतं नवल होतं. “मी बारा वर्षांचा होतो.”

ती वाट बघत राहिली. ओरडेल असं तिला वाटलं, निदान उठून जाईल. खरं तर त्याने एक थोबाडीत मारली असती तर तिने ती घेतली असती. त्याने दुमडलेला हात हळूहळू सरळ केला. कापूस खाली पडला. रक्त थांबलं होतं. त्याने तळहात वर केला, पालथा केला, पुन्हा वर केला, आणि मांडीवर तसाच ठेवून दिला. टेबलावर त्याची नळी चिठ्ठीशिवाय उभी होती. फॉर्मवर सहीची जागा रिकामी होती, पण सही कर असं म्हणायचं तिच्याने झालं नाही.

“तुझा मुलगा,” शेवटी तो म्हणाला. “किती किलोचा असेल गं आता?”

“बासष्ट.”

भाराचं गणित त्याचं रोजचंच होतं. त्याने मनाशी काहीतरी जुळवून पाहिलं आणि मान हलवली.

“आता उचलायला जड झाला,” तो म्हणाला.